वाचकांचे प्रश्न: तान्ह्या लेकराची कार सीट, खिशाला परवडेल अशी

पहिलं बाळंतपण माहेरी आणि सव्वा महिन्यानंतर बाळ-बाळंतीण सासरी, हा आपल्याकडचा रिवाज. हा प्रवास आता बहुतेक घरांत चारचाकीनं होतो. बाळाला त्या गाडीत कसं न्यायचं, याबद्दल मराठवाड्यातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आमच्याकडे जुनी, छोटी हॅचबॅक आहे. बाळ पुढच्या महिन्यात येईल. कार सीट दीड हजारापासून तीस हजारांपर्यंत दिसतात. पाच-सहा हजारांत खरोखर सुरक्षित सीट मिळते का, की ती नुसती समजूत? (लातूर)

मिळते. पण किमतीच्या आधी लेबल बघायला शिका. दीड हजाराची सीट आणि पाच हजारांची सीट यांत खरा फरक रंगाचा किंवा गादीचा नसून चाचणीचा असतो.

चाचणी झालेल्या सीटवर, बहुधा मागच्या किंवा खालच्या प्लास्टिकवर, नारिंगी रंगाचं चौकोनी लेबल चिकटवलेलं असतं. त्यावर वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि शेजारी एक आकडा दिसतो. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. जुन्या मानकाचं नाव आर ४४. त्यात सीट वजनावर ठरते आणि लेबलवर ०-१३ किलो किंवा ०-१८ किलो असं लिहिलेलं असतं. खालच्या मंजुरी क्रमांकाची सुरुवात ०४ नं होत असेल तर ती त्या मानकाची शेवटची आवृत्ती. ०१ किंवा ०२ असेल तर सीट फार जुनी समजा आणि सोडून द्या. नवं मानक आर १२९. त्यात सीट बाळाच्या उंचीवर ठरते, उदाहरणार्थ ४० ते ८५ सेंटिमीटर, आणि बाजूनं बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते. आपल्याकडचं एआयएस-०७२ हे मानक आर ४४ च्याच धर्तीवर आहे. यातलं एकही नाव सीटवर नसेल, फक्त खोक्यावर 'सेफ्टी टेस्टेड' छापलेलं असेल, तर ती सीट घेऊ नका.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर तेवढ्यावरच निर्णय घ्या.

आता प्रकार. नवजात बाळासाठी दोनच कामाचे. पहिला ०-१३ किलोचा, वर दांडा असलेला, टोपलीसारखा. दुकानात याला कॅरी कॉट किंवा इन्फंट कॅरियर म्हणतात. साधारण तीन ते सहा हजारांत मिळतो आणि बाळ बारा-पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पुरतो. दुसरा ०-१८ किलोचा, आधी पाठमोरा आणि नंतर समोर तोंड करून बसवता येणारा. साधारण सात ते बारा हजार, आणि चार वर्षांपर्यंत चालतो. महिन्याच्या हिशेबानं दुसरा स्वस्त पडतो, पण तो आकारानं मोठा असतो आणि काही मॉडेलांत अगदी लहान बाळ नीट बसत नाही. तो घ्यायचा असेल तर दोन गोष्टी तपासा: नवजात बाळासाठीची वेगळी आतली गादी सोबत आहे का, आणि पाठमोरा वापर कुठल्या वजनापर्यंत चालतो. १३ किलो लिहिलेलं हवं. नऊ-दहा किलोवरच बाळाला समोर तोंड करून बसवा असं सांगणारी सीट टाळा.

तुमच्या बजेटमध्ये, छोट्या गाडीसाठी, लेबल असलेली ०-१३ किलोची टोपली घ्या असं आम्ही सांगू. गाडीत आयसोफिक्स नसेल तर त्याचा जादा पैसा मोजू नका. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत असलेल्या दोन लोखंडी कड्या. त्यांचा फायदा हा की सीट चुकीची बसण्याची शक्यता कमी होते. नीट ओढून बांधलेल्या साध्या सीट बेल्टनंही सीट भक्कम बसते. बाबागाडीसोबत जोडीनं मिळणारे संचही सोडा. आपल्या गल्ल्यांत बाबागाडी फार फिरत नाही.

एक गोष्ट मात्र दहावेळा तपासा. 'चार-इन-वन कॅरी कॉट' नावानं येणाऱ्या कित्येक वस्तू म्हणजे नुसता झोका आणि उचलायची टोपली. त्यांना गाडीचा पट्टा अडकवायच्या खाचाच नसतात. खऱ्या सीटच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यासाठी निळ्या खुणा किंवा निळे हूक असतात. आणि गाडीच्या सीटला नुसती बांधायची, आठशे-हजाराची कापडी 'पोर्टेबल सीट' तान्ह्या बाळासाठी मुळीच नाही.

पैसा कमीच पडत असेल तर बारशाच्या वेळची सोय आहे. मामा-मावश्या आणि आत्या बाळंतविड्यात पाच-सहा कपड्यांचे जोड आणतात, त्यातले निम्मे बाळाला एकदाही न घालता तोकडे होतात. आधीच सांगून ठेवा की सगळ्यांनी मिळून सीट द्यावी. फक्त ती प्रसूतीच्या तारखेआधी घरात हवी. दवाखान्यातून घरी येतानाचा पहिला प्रवासही त्यातच व्हायला हवा.

प्रश्न: सून म्हणते सीट घेऊ. मी म्हणते, आम्ही चार लेकरं मांडीवर घेऊनच आणली. मांडीसारखी ऊब त्या प्लास्टिकात कुठली? शिवाय गाव फक्त ६० किलोमीटरवर. (बीड जिल्हा)

आजी, ऊब मांडीतच असते, यात वाद नाही. अडचण आहे ती ताकदीची. गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे आणि समोरच्या वाहनाला धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली असं धरा. त्या क्षणी अंगावरचा प्रत्येक किलो चौदा किलोसारखा ओढतो. तीन किलोचं लेकरू हातातून बेचाळीस किलोच्या जोरानं पुढे जातं, म्हणजे जवळपास भरलेला कट्टा. तो कट्टा, सावध नसताना, दोन हातांत धरून ठेवणं कुणालाच जमत नाही. मांडीवर घेणाऱ्यानं स्वतः पट्टा लावला नसेल तर लेकरू त्याच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडतं. एकच पट्टा दोघांभोवती लावला तर मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळाच्या पोटावर येतं. ओढणीनं किंवा साडीच्या झोळीनं छातीशी बांधूनही हेच होतं.

तुमच्या काळी गाड्या कमी होत्या आणि त्यांचा वेगही कमी. आता त्याच रस्त्यावर चौपदरी वाहतूक आहे आणि गाळपाच्या हंगामात, विशेषतः रात्री, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते. धडक चुकते, पण करकचून ब्रेक लागतोच.

तुमचं काम मात्र सीटमुळे संपत नाही. मागच्या सीटवर बाळाशेजारी बसा, आणि स्वतःही पट्टा लावा. बाळ पाठमोरं असतं तेव्हा त्याचं तोंड मागच्या काचेकडे असतं. पुढे बसलेल्या आईला ते दिसत नाही, शेजारच्या आजीला दिसतं. मान वाकली का, दूध तोंडावर आलं का, घाम आलाय का, हे बघणारं माणूस प्रवासात लागतंच.

प्रश्न: सीट पाठमोरीच का? बाळाला बाहेरचं काही दिसत नाही. (वसमत)

नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांत कूर्चा असते. समोर तोंड करून बसवलं तर धडकेत धड पट्ट्यात अडकतं आणि जड डोकं पुढे फेकलं जातं. तो सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर वाटला जातो.

म्हणून किमान १५ महिने पाठमोरंच. आर १२९ मध्ये हा नियमच आहे. सीटच्या वजनाच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही तसंच ठेवा. पाय मागच्या सीटला टेकायला लागले म्हणून सीट फिरवू नका, मुलं आरामात मांडी घालून बसतात. टोपलीची सीट संपली हे डोक्यावरून ओळखायचं: टाळू सीटच्या वरच्या कडेला आली की ती लहान झाली.

प्रश्न: नणंदेच्या मुलाची कार सीट माळ्यावर सात वर्षं पडून आहे. चांगली दिसते. तीच वापरली तर चालेल का? (परभणी)

नात्यातली सीट हा कमी पैशातला उत्तम मार्ग आहे, कारण तिचा इतिहास माहीत असतो. अनोळखी माणसाकडून जुनी सीट घेऊ नये ती याच कारणानं.

नणंदेला आधी विचारा, ती सीट असलेल्या गाडीला कधी धडक बसली होती का. बसली असेल तर, बाळ तेव्हा सीटमध्ये नसलं तरी, सीट बाद. आतल्या थर्माकोलसारख्या फेसाला आणि प्लास्टिकला पडलेली बारीक चीर बाहेरून दिसत नाही.

मग सीट पालथी करा. प्लास्टिकवर एक गोल शिक्का असतो, घड्याळासारखा. मध्ये वर्ष आणि बाण महिन्याकडे. ही तयार झाल्याची तारीख. वापरायची मुदत कंपनीप्रमाणे सहा ते दहा वर्षं असते आणि ती पुस्तिकेत किंवा प्लास्टिकवरच लिहिलेली असते. तुमची सीट सात वर्षं माळ्यावर आणि त्याआधी एखाद-दोन वर्षं गाडीत, म्हणजे मुदतीच्या काठावर आहे. शिवाय पत्र्याखालचा माळा असेल तर आपल्या उन्हाळ्यात तिथलं प्लास्टिक फार तापतं आणि ठिसूळ होत जातं. कवच दोन हातांनी हलकेच पिळून बघा. करकर आवाज आला, पांढरट रेघा दिसल्या, कडा भुरभुरल्या, तर ती ठेवू नका.

हे सगळं ठीक निघालं तर पट्टे पूर्ण बाहेर ओढून बघा. उंदरानं कुरतडलेले, कडांना विसविशीत झालेले किंवा बकलजवळ सांडलेल्या दुधानं कडक झालेले नकोत. बकल लावल्यावर स्पष्ट 'टक्' असा आवाज यायला हवा आणि लाल बटण जोर लावूनच दबायला हवं. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा अडकला असेल तर कोमट पाण्यानं धुऊन उन्हात नाही, सावलीत वाळवा. तेल घालू नका.

कापडी कव्हर धुवा, पट्टे मात्र कधीच साबणात भिजवू नका. ओल्या फडक्यानं पुसायचे आणि बस. सोडा, ब्लीच, इस्त्री यांनी पट्ट्याचा धागा कमजोर होतो. धुताना आतली फेसाची पाटी काढली असेल तर ती परत बसवायला विसरू नका. जुनी सीट देताना सर्वात जास्त हरवतात त्या दोन वस्तू म्हणजे ही पाटी आणि नवजात बाळाची गादी. पुस्तिका नसेल तर मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साइटवर शोधा. पट्टा कुठून न्यायचा हे कळल्याशिवाय सीट गाडीत लावू नका.

प्रश्न: सीट घेतली, पण गाडीत बसवल्यावर ती हलते. पट्टाही पुरत नाही असं वाटतं. दुकानदार म्हणाला, थोडी हलणारच. आयसोफिक्स नाही. (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

थोडी म्हणजे किती, हे मोजता येतं. गाडीचा पट्टा जिथून सीटमध्ये जातो तिथे सीट हातानं धरून बाजूला आणि पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण एका इंचापेक्षा जास्त हलली तर सैल आहे. डोक्याकडची बाजू धरून हलवू नका. पाठमोऱ्या सीटचा तो भाग डुलणारच, त्यावरून काही ठरत नाही.

टोपलीच्या सीटची रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करा. जागा निवडा मागची, डावीकडची: रस्त्याच्या कडेला बाळ काढता-ठेवता येतं आणि चालक उंच असला तरी त्याची सीट मागे राहते. मधल्या जागेला तीन टोकांचा पट्टा असेल आणि बैठक सपाट असेल तर ती आणखी चांगली. जुन्या गाड्यांत मध्ये फक्त कमरेचा पट्टा असतो. तो बहुतेक सीटना चालत नाही.

सीट पाठमोरी ठेवा. गाडीचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा, पीळ काढा. कमरेचा भाग बाळाच्या पायांकडच्या बाजूनं टोपलीवरून, दोन्ही कडांच्या निळ्या खाचांतून न्या आणि बकल लावा. मग खांद्याचा भाग टोपलीच्या पाठीमागून फिरवून मागच्या निळ्या कडीत अडकवा. अनेक घरांत चूक होते ती इथेच: खांद्याचाही भाग पुढूनच जातो, आणि सीट हलते. आता एका हातानं, शक्य असेल तर गुडघ्यानं, टोपली गादीत दाबा. दुसऱ्या हातानं आधी कमरेचा भाग ताणा, मग ढील खांद्याच्या भागातून वर ओढून घ्या. दाबणारा एक आणि ओढणारा एक अशी दोन माणसं असली की काम सोपं होतं. दांडा कसा ठेवायचा ते पुस्तिकेत असतं. कित्येक मॉडेलांत प्रवासात तो उभाच ठेवायचा असतो.

पट्टा पुरत नाही, तर तीन शक्यता आहेत. खांद्याचा पट्टा मध्येच अडकला असेल: सोडून पुन्हा सावकाश ओढा. रस्ता चुकला असेल. किंवा खरंच तुमच्या गाडीचा पट्टा या सीटसाठी तोकडा आहे. तसं असेल तर दुसरी जागा बघा, नाहीतर परत करण्याच्या मुदतीत सीट बदलून घ्या. बाजारातले पट्टा लांब करणारे तुकडे जोडू नका. म्हणूनच सांगतो: खोकं न फाडता उघडा, आणि आणली त्याच दिवशी गाडीत लावून बघा.

आणखी एक बघा. गाडीचं बकल टोपलीच्या कडेवर येऊन वाकत असेल तर धडकेत ते उघडू शकतं. अशा वेळी जागा बदला.

कोन तपासायला ओळंबा पुरतो. दोऱ्याला किल्ली बांधून टोपलीच्या पाठीशेजारी धरा. चौरस कागद कर्णावर दुमडला की ४५ अंशाचा कोन मिळतो, तो दोरा आणि टोपलीची पाठ यांच्या मध्ये धरून बघा. नवजात बाळासाठी पाठ साधारण तेवढी कललेली हवी. जास्त उभी असेल तर मान पुढे पडते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची बैठक मागे उतरती असते, त्यामुळे बाळाचे पाय खाली जाऊन टोपली जास्त उभी होते. पुस्तिकेत परवानगी असेल तर जुना टॉवेल घट्ट गुंडाळून बैठक आणि पाठ यांच्या खाचेत, टोपलीखाली ठेवा आणि पट्टा पुन्हा ताणा. सीटवर जमिनीशी समांतर ठेवायची रेघ असेल तर तीच खरी माना.

आणि समोरच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर पाठमोरी सीट तिथे कधीच नाही. एअरबॅग थेट टोपलीच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते. एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या आहेत, त्यामुळे नव्या गाडीत ही शक्यता गृहीतच धरा.

प्रश्न: बाळ सव्वादोन किलोचं, ३६ व्या आठवड्यात झालं. सीटमध्ये ठेवलं की एका बाजूला कलंडतं आणि हनुवटी छातीला लागते. घरचे म्हणतात, चांगलं दुपट्यात गुंडाळून ठेव. (नांदेड)

घाई करू नका, हा प्रश्न तुमच्या बालरोगतज्ज्ञांसमोर आधी ठेवा. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांना अर्धवट बसलेल्या स्थितीत श्वास मंदावण्याचा, ऑक्सिजन कमी होण्याचा धोका असतो. अमेरिकेत अशा बाळांना सुट्टी देण्याआधी त्यांच्याच कार सीटमध्ये ९० ते १२० मिनिटं बसवून, बोटाला-पायाला यंत्र लावून बघतात. तुमच्या डॉक्टरांना असं करता येईल का ते विचारा. ते नको म्हणाले तर प्रवासच पुढे ढकला. सव्वा महिन्याचा मुहूर्त दोन महिन्यांवर गेला तरी काही बिघडत नाही.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर बाळ असं बसवा. पाठ आणि बूड सीटच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवा. खांद्याचे पट्टे सर्वात खालच्या खाचेत: पाठमोऱ्या सीटमध्ये पट्टा खांद्याच्या पातळीतून किंवा जरा खालून यायला हवा, वरून नाही. बकल लावा, मग पट्टा ओढा. गळ्याच्या हाडाजवळ पट्ट्याची चिमटी घेऊन बघा. चिमटीत पट्टा आला तर सैल. छातीवर क्लिप असेल तर ती काखेच्या पातळीत.

कलंडतं त्यावर उपाय, बाळ पूर्ण बांधून झाल्यावर: दोन मऊ पंचे सुरळी करून डोक्याच्या आणि धडाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. खाली घसरत असेल तर पायांमधल्या पट्ट्याच्या आणि लंगोटाच्या मध्ये एक लहान घडी ठेवा. पाठीमागे, डोक्यामागे किंवा बुडाखाली काहीही ठेवायचं नाही, त्यानं मान पुढेच येते. हनुवटी आणि छाती यांत एक बोट मावायला हवं. मावत नसेल तर सीट अजून कलती करायला हवी.

दुपट्यात गुंडाळलं की पायांमधला पट्टा बसतच नाही. गोधडी, जाड स्वेटर किंवा मागे गाठोडं होणारी कुंची घातली तर पट्टा घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण धडकेत कापूस दबतो आणि बाळ वर सटकतं. पाय मोकळे असलेलं एक साधं झबलं-चड्डी घाला, बांधा, आणि वरून दुपटं पांघरा. टोपरं पातळ असू द्या. गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असेल तर सीटमध्ये बसवण्याआधी तो काढून ठेवा. दृष्ट लागू नये म्हणून दोरा पायात बांधता येतो.

सोबत न आलेल्या मानेच्या उश्या आणि पट्ट्यांची कव्हरं वेगळी विकत घेऊ नका. सीटची चाचणी त्यांच्यासह झालेली नसते.

प्रश्न: मे महिन्यात दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन समृद्धी महामार्गानं नागपूरला जायचं आहे. सीटमध्ये बाळ भाजून निघेल अशी भीती वाटते. (जालना)

जमत असेल तर पहाटे निघा, दहाच्या आत जितकं अंतर कापता येईल तितकं कापा. रात्री निघण्यापेक्षा पहाट बरी, चालक ताजा असतो.

उभ्या गाडीत सीट ठेवली असेल तर तिच्यावर पांढरं धोतर किंवा चादर टाकून ठेवा. बकलचा धातूचा भाग उन्हात चटका देण्याइतका तापतो. बाळ ठेवण्याआधी हाताची उलटी बाजू बकलला आणि गादीला लावून बघा. गाडी आधी दारं उघडून, मग एसी लावून थंड करा आणि त्यानंतरच बाळ आत न्या. मागे एसीची झडप नसेल तर पुढच्या झडपा वर, छताकडे वळवा, पंखा मोठा ठेवा. थेट बाळावर झोत नको. मागच्या खिडकीला जाळीचा पडदा लावा. टोपलीवर ओढणी टाकून सावली करण्याचा मोह होतो, पण तसं केल्यानं आतली हवा कोंडते आणि बाळ दिसेनासं होतं.

बाळ तापलं का, हे हाता-पायावरून कळत नाही, मानेमागे बोट घालून बघा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी देऊ नका, आईचं दूध जास्त वेळा पाजा. पाजताना मात्र गाडी थांबलेली हवी आणि बाळ सीटबाहेर. चालत्या गाडीत पट्टा सोडून पाजणं हे सीट असूनही नसल्यासारखं.

दोन महिन्यांच्या बाळाला सलग दीड-दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये ठेवू नका. पहिल्या चार आठवड्यांतलं बाळ असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासानं बघा. समृद्धीवर कडेला गाडी उभी करता येत नाही, म्हणून थांबे आधीच ठरवा: अधिकृत सुविधा-स्थळं किंवा इंटरचेंजवरून बाहेर पडून गाव. प्रत्येक थांब्यावर बाळाला बाहेर काढून, सपाट आडवं करून, वीस मिनिटं हातपाय हलवू द्या. मर्यादा १२० ची असली तरी तुम्ही ८०-९० वर राहा.

गाडी बंद करून बाळ आत ठेवून पाच मिनिटंही जायचं नाही. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते, आणि बाळाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगानं. झोपलेलं बाळ मागे आहे हे विसरायला होतं, तेव्हा चालकाचा मोबाइल किंवा डावी चप्पल बाळाच्या सीटखाली ठेवा.

पोहोचल्यावर झोपलेल्या बाळाला टोपलीसकट घरात आणून तसंच ठेवू नका. झोपायचं ते आडवं, पाठीवर, पाळण्यात. आणि टोपली पलंगावर किंवा ओट्यावर ठेवू नका, ती उलटते.

प्रश्न: आमची स्वतःची गाडी नाही. भाड्याची गाडी किंवा काळी-पिवळी. मग सीटचा उपयोग काय? (हिंगोली)

भाड्याच्या गाडीत आहे. साध्या पट्ट्यानं बसणारी टोपली कुठल्याही गाडीत पाच मिनिटांत लागते, म्हणून तुमच्यासाठी आयसोफिक्सवालीपेक्षा तीच सोयीची. गाडी ठरवतानाच चालकाला विचारा: मागच्या सीटचे पट्टे चालू आहेत का, की कव्हराखाली दाबून टाकलेत? भाड्याच्या गाड्यांत बकल बहुतेक वेळा सीटच्या फटीत गेलेलं असतं. गाडी दारात आल्यावर नाही, आदल्या दिवशी काढून ठेवायला सांगा.

मागे समोरासमोर आडवी बाकं असलेल्या जीपमध्ये सीट बसवता येत नाही. तिथे, आणि पट्टे नसलेल्या काळी-पिवळीत, सुरक्षित असा पर्याय नाही. महत्त्वाच्या एक-दोन प्रवासांसाठी नीट गाडी ठरवा, बाकीचे पहिल्या तीन महिन्यांत टाळा. एसटीतही पट्टे नसतात. जावंच लागलं तर मधल्या रांगेत, खिडकीपासून आत बसा, पहिल्या रांगेत आणि दारासमोर नको.

प्रश्न: कायद्यानं सीट सक्तीची आहे का? पोलीस पकडतात का? (तुळजापूर)

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे, चौदा वर्षांखालचं मूल सीट बेल्टनं किंवा मुलांच्या सीटनं बांधलेलं नसेल तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. तान्ह्या बाळाला मोठ्यांचा पट्टा बसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी सीटच उरते.

दर्शनाला जाताना आणखी एक: नारळ, प्रसादाच्या पिशव्या, पाण्याची कळशी मागच्या काचेजवळच्या फळीवर ठेवू नका. पाठमोऱ्या बाळाचं तोंड तिकडेच असतं आणि ब्रेक लागला की त्या वस्तू सरळ त्याच्यावर येतात. सगळं डिकीत, खाली ठेवा. शेजारी बसणाऱ्यांनीही पट्टा लावा.